सुधासाठी रडलो, पण शेजारणीचं काय?

परवा दुपारी भांडी आवरून जरा टेकले होते. पुतणी कॉलेजातून आली आणि म्हणाली, "काकी, तुमची ती 'आभाळमाया' सापडली बघा मोबाईलवर. लावू का?" देवकी पंडितांच्या आवाजातलं शीर्षकगीत सुरू झालं आणि खरं सांगते, वीस-पंचवीस वर्षं कुठल्या कुठे गेली.

1999 साली 'अल्फा मराठी'वर ही मालिका सुरू झाली, तेव्हा आमच्या बिद्रीतल्या गल्लीत केबल दोनच घरांत. धार काढायची, संस्थेत दूध घालायचं, भाकरीचं पीठ तसंच परातीत झाकून ठेवायचं आणि पदराला हात पुसत टीव्हीसमोर बसायचं. ऐन वेळी लाईट गेली की कारखान्याच्या दिशेनं बघत सगळ्या मिळून वीजमंडळाला शिव्या घालायच्या!

सुकन्या कुलकर्णींची सुधा म्हणजे आमची हक्काची बाई. शिकलेली, प्राध्यापक. तिचा नवरा शरद दुसरीकडं गुंतलेला. मनोज जोशी पडद्यावर दिसले की आम्ही दात-ओठ खायचो. सुधा खचली की आमचे पदर डोळ्यांना लागायचे.

त्याच घोळक्यात उंबऱ्याजवळ आमची एक शेजारीण बसायची. तिच्या नवऱ्यानंही बाहेर दुसरं घर केलं होतं. एकदा मालिका संपल्यावर ती हळूच म्हणाली, "मला नाही आता नांदायचं." आम्ही काय म्हणालो असू? "पोरांकडं बघ आणि सोस. जाशील कुठं?" हे म्हणणाऱ्यांत मीही होते. ती राहिली. पुढं नवऱ्यानं तिला न विचारता जमीन विकली, पोरांची शाळा सुटली. आज साठीच्या घरात ती दुसऱ्याच्या उसात भांगलायला जाते.

परवा चार भाग बघून पुतणीनं सहज विचारलं, "काकी, सुधाला पगार होता म्हणून ती उभी राहिली ना? नसता तर?" मला उत्तर देता येईना.

पुढं 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, तीन हजारांहून जास्त भाग. सासू बरोबर की सून, यावर आम्ही किती वाद घातले! पण त्या घराचा उतारा कुणाच्या नावावर, हे आमच्या मनातही आलं नाही. आपल्या घराचं तरी कुठं विचारलं?

'आभाळमाया' 2003 साली संपली. त्याच वर्षी राज्य सरकारनं ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावायला सांगितलं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 2006 च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. घर कुणाच्याही नावावर असो, नांदत्या घरातून बाईला मनमानीनं बाहेर काढता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. आम्हाला मात्र मालिकेतली प्रत्येक भानगड पाठ आणि हे एक माहीत नाही! धार आपण काढायची आणि दुधाचं बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं, हेही बघायचं नाही.

मैत्रिणींनो, जुन्या मालिका जरूर बघा. लेकीला, सुनेला शेजारी घेऊन बघा. त्यांचे प्रश्न टाळू नका. आणि पडद्यावरच्या बाईसाठी डोळे भरून आले, तर एकदा शेजारच्या उंबऱ्याकडंही बघा.

मी त्या शेजारणीकडं जाऊन आले. फार उशीर झालाय, ठाऊक आहे मला. "तुझ्या सुनेचं नाव आहे का गं घराला?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "नाही बाई." थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पण लावूया की." लेकही तयार आहे. सोमवारी ती, तिची सून आणि मी ग्रामपंचायतीत जाणार आहोत.