सभागृह बंद होते तेव्हा

१३ मे २०२४ रोजी दुपारी घाटकोपरच्या छेडानगरमध्ये वादळी वाऱ्याने एक होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळले आणि १७ माणसे प्राणाला मुकली. ते होर्डिंग १२० फूट रुंद आणि तितकेच उंच होते. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. जागा लोहमार्ग पोलिसांची, त्यामुळे आमची परवानगी घेतलेलीच नव्हती, असे महापालिकेने सांगितले. पण होर्डिंग महापालिकेच्या हद्दीत, हमरस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर उभे होते. त्या होर्डिंगच्या आड येणाऱ्या झाडांवर विषप्रयोग झाल्याची तक्रारही दुर्घटनेच्या आधीच पालिकेकडून पोलिसांत गेली होती. दिसत सगळ्यांना होते. ‘हे कोणाच्या परवानगीने उभे आहे, उत्तर द्या’ असे भर सभेत विचारायला मात्र त्या काळात मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती आणि निवडणूक झालेली नव्हती.

महापालिकेचे सभागृह म्हटले की लोकांना आरडाओरडा, फाडलेल्या विषयपत्रिका आणि टक्केवारीच्या चर्चा आठवतात. ही बदनामी नगरसेवकांनी आपल्या कर्मानेच ओढवून घेतली आहे. तरीही शहराच्या सुरक्षेच्या यंत्रणेत सभागृहाची एक जागा आहे, आणि ती रिकामी राहिली की काय होते हे महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत पाहिले. अग्निशमन, पाणी, गटारे, पथदिवे, बांधकाम परवाने, दवाखाने ही सारी कामे अधिकारी करतात. ती नीट झाली की नाही हे चारचौघांत विचारायचे काम लोकांनी निवडून दिलेल्यांचे. या दोन कामांपैकी दुसरे काम राज्यातल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या शहरांत बंद पडले होते.

१ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पालिकांना पाच वर्षांची मुदत दिली आणि ती संपण्याआधी निवडणूक घेणे बंधनकारक केले. वसई-विरार आणि नवी मुंबईची मुदत २०२० मध्ये संपली, मुंबई-पुण्याची २०२२ मध्ये. निवडणुका मात्र लांबतच गेल्या: आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभागांच्या संख्येचा खेळ. एका सरकारने संख्या वाढवायची, पुढच्याने ती पूर्ववत करायची. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी खडसावले तेव्हा चक्रे फिरली, आणि राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी.

मधल्या काळात कारभार कसा चालला, ते एखाद्या फाइलच्या प्रवासावरून कळते. खाते टिपणी तयार करते, ती वर सरकत आयुक्तांकडे जाते. आयुक्त प्रस्तावावर सही करतात. एरवी तो प्रस्ताव स्थायी समितीपुढे येतो, कोणीतरी उपसूचना देतो, कोणी आकडे मागतो, कोणी नुसताच अडवतो. निवडलेले सभागृह नसताना, म्हणजे प्रशासकराजमध्ये, स्थायी समितीचे आणि सर्वसाधारण सभेचे अधिकार प्रशासकाकडे, आणि प्रशासक म्हणजे तेच आयुक्त. प्रस्ताव मांडणारी आणि मंजूर करणारी सही एकाच हाताची. अधिकारी कितीही सचोटीचा असला तरी स्वतःलाच जाब विचारण्याची सोय कोणाकडे नसते.

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर २०२५ च्या जानेवारीत गिलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. या आजारात हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. पुणे परिसरातली रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली, त्यातले सर्वाधिक नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूचे. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. नांदेड गावातल्या विहिरीचे पाणी फक्त क्लोरीन घालून पुरवले जात होते. साथ आल्यावर पथके आली, नमुने गेले, खासगी आरओ प्रकल्पांना टाळी लागली.

आता त्या गावांची अवस्था पाहा. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आली. त्या दिवशी त्यांच्या ग्रामपंचायती गेल्या. महापालिकेत त्यांचा नगरसेवक येण्याआधीच, पुढच्या मार्चमध्ये, सभागृहाची मुदत संपली. म्हणजे सरपंच गेला आणि नगरसेवक आलाच नाही. साडेचार वर्षे या गावांना स्थानिक पातळीवर निवडलेला एकही माणूस नव्हता. विहिरीवर शुद्धीकरण केंद्र कधी होणार, हे विचारायचे कुठे? क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि वाट पाहायची. नगरसेवक असता तर साथ आलीच नसती, असा दावा कोणी करू नये. पण त्या विहिरीचा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात तरी नोंदला गेला असता आणि प्रशासनाला त्यावर लेखी उत्तर द्यावे लागले असते.

विरारची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणेशोत्सवाच्या आदल्या रात्री, विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा मागचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. इमारतीत एका वर्षाच्या मुलीचा वाढदिवस सुरू होता. १७ जण गेले. इमारत अनधिकृत होती आणि वसई-विरारमध्ये पाच वर्षे प्रशासकच होते.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे: नगरसेवक होते तेव्हा तरी काय वेगळे घडले? २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या गच्चीवरल्या रेस्टॉरंटांना आग लागून १४ जण मेले, तेव्हा मुंबईत २२७ नगरसेवक होते आणि त्यांना निवडून येऊन वर्षही झाले नव्हते. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. त्या प्रकरणात एक माजी नगरसेवकही आरोपी आहे. त्या इमारती पाडल्या तेव्हा हजारो माणसे रस्त्यावर आली. मुंबईत प्रजा फाउंडेशन ही संस्था नगरसेवकांच्या प्रश्नांची मोजदाद करत असे, त्यात रस्ते आणि चौकांच्या नामकरणाचे प्रश्न लक्षणीय संख्येने निघत. दुर्घटना घडली की श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करायची, ही रीतही जुनीच. सभागृह असणे पुरेसे नाही, हे मान्यच करायला हवे. म्हणून आता निवडून आलेल्यांकडून काय हवे, ते नेमके सांगावे लागेल.

अग्निसुरक्षेचेच घ्या. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घ्यायची आणि ती चालू असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन दलाला द्यायचे. यात गोम अशी की तपासणाऱ्या संस्थेचे पैसे मालकच देतो. म्हणूनच कोणी दिले, कोणी दिले नाही आणि दलाने स्वतः जाऊन किती इमारती पडताळल्या, हे बाहेरच्या कोणीतरी पाहायला हवे. ते काम प्रभाग समितीने करावे. फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या बैठकीत फॉर्म बी न देणाऱ्या रुग्णालयांची, मॉलची, शाळांची आणि हॉटेलांची यादी नावानिशी मांडा. पावसाळ्याआधी सी-१ श्रेणीतल्या, म्हणजे तातडीने रिकाम्या करायच्या इमारतींची यादी आणि तिथल्या रहिवाशांना कुठे हलवणार याचा तपशील मांडा. होर्डिंगची यादी मांडा, त्यात रेल्वे, म्हाडा, बंदर प्राधिकरण यांच्या जमिनींवरली सुद्धा. हद्द महापालिकेची असेल तर उत्तरही तिनेच द्यावे. पाण्याच्या नमुन्यांचे निकाल दर महिन्याला मांडा. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि निधीही लागत नाही.

प्रभाग समितीत स्वयंसेवी संस्थांच्या तीन प्रतिनिधींची तरतूद कायद्यात आहे. त्या जागांवर पक्षाचे कार्यकर्ते बसवण्याचा पायंडा अनेक शहरांत पडला, तो मोडला पाहिजे. तिथे एखादा निवृत्त अग्निशमन अधिकारी, एखादी स्ट्रक्चरल इंजिनिअर, एखादी आरोग्यसेविका हवी. मतदारांच्या क्षेत्रसभांचा कायदा २००९ मध्ये झाला, त्या सभा मात्र प्रत्यक्षात कधी आल्याच नाहीत. नव्या सभागृहांनी त्यासाठी राज्य सरकारकडे ठराव पाठवावा.

नागरिकांनीही केवळ नगरसेवकाच्या भरवशावर राहू नये. राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेल्या निर्णयानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहण्याची सोय द्यायची आहे. येत्या सोमवारी आपल्या क्षेत्रीय किंवा विभाग कार्यालयात जा, मुलांच्या शाळेचा आणि जवळच्या रुग्णालयाचा फॉर्म बी दाखवा म्हणा. नसेल तर नगरसेवकाला लेखी कळवा, आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो विषय आला की नाही ते तपासा.