मैदानाच्या माथ्यावरची झालर

अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर या गावी मिशिगन विद्यापीठाचे फुटबॉलचे मैदान आहे. (हा फुटबॉल आपला नव्हे, लांबट चेंडू हाती घेऊन धावण्याचा तो खेळ.) १९२७ साली खुल्या झालेल्या या मैदानाची आसनक्षमता १,०७,६०१ इतकी प्रचंड आहे. १९९८ साली मैदानाचा विस्तार करताना त्याच्या माथ्यावर एक भव्य पिवळी झालर चढविण्यात आली आणि तिच्यावर विद्यापीठाच्या विजयगीतातील शब्द ठळकपणे झळकू लागले. योजना रॉबर्ट व्हेंचुरी या जगन्मान्य वास्तुविशारदाची, रंग विद्यापीठाचा, शब्दही विद्यापीठाचेच. तरीही माजी विद्यार्थी आणि प्रेक्षक संतापले. त्यांना तो भडकपणा वाटला. अखेर २००० साली झालर उतरवावी लागली.

सामन्याला जाणाऱ्या माणसांनी एका फलकासाठी एवढे भांडावे, याचे प्रथमदर्शनी हसू येते. परंतु या मैदानात अनेक दशके जाहिरातीचे फलक नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रागाचा अर्थ उलगडतो. तो साधेपणा हीच त्यांची मिरास होती.

रंगांचेही तसेच. मक्याचा पिवळा आणि निळा हे मिशिगनचे रंग १८६७ साली विद्यार्थ्यांनीच ठरविले. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, त्याचे फिकट निळा आणि पांढरा हे रंगही १८५२ साली विद्यार्थ्यांच्या दोन वाङ्मयमंडळांच्या रंगांतून आले. म्हणजे हे रंग कुणा व्यवस्थापनाने वरून दिलेले नाहीत. म्हणूनच गणवेश पुरविणाऱ्या कंपन्यांच्या हाती मक्याचा पिवळा कधी लिंबासारखा झगझगीत झाला, तेव्हा चाहते छटेवरून वर्षानुवर्षे हुज्जत घालत राहिले. मला ती हुज्जत पोरकट वाटत नाही.

आता मात्र प्रश्न पैशाचा आहे. २०२४ साली प्रायोजकांची बोधचिन्हे थेट खेळपट्टीच्या हिरवळीवर रंगविण्यास महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने मुभा दिली. २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादाच प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. हा मोबदला न्याय्यच आहे. ज्यांच्या घामावर मैदाने भरली, त्यांची पिढ्यान्‌पिढ्या केवळ शिष्यवृत्तीवर बोळवण झाली, आणि त्यांत कृष्णवर्णीय तरुणांची संख्या मोठी होती. तेव्हा जाहिरात नको म्हणणाऱ्याने पैसा कोठून येईल, हेही सांगितले पाहिजे.

टेनेसी विद्यापीठाने २०२४ साली एक मधला मार्ग काढला. इंधन विकणाऱ्या एका कंपनीशी करार करून तिची चिन्हे मैदानात येऊ दिली; मैदानाला असलेले जुने प्रशिक्षक नेलँड यांचे नाव मात्र अबाधित राखले. मला हा सौदा पटतो. याउलट लुईव्हिल विद्यापीठाने मैदानाच्या नावातच पिझ्झा विकणाऱ्या कंपनीला स्थान दिले होते. २०१८ साली त्या कंपनीच्या संस्थापकाने कृष्णवर्णीयांविषयीचा अत्यंत अवमानकारक शब्द उच्चारल्याचे उघड झाले आणि ते नाव विद्यापीठाला काढून टाकावे लागले. दुसऱ्याचे नाव कपाळावर गोंदविले की त्याच्या करणीचा डागही आपल्याच कपाळी येतो.

आपल्याकडच्या शाळांत पंख्याच्या पात्यांवरही देणगीदाराचे नाव असते. वर्गात मान वर केली की नाव गरगर फिरताना दिसे. वाचता मात्र वीज गेल्यावरच येई! ती दानत मोलाची होती आणि आजही आहे, म्हणून नावांना माझा सरसकट विरोध नाही. पंख्यावर, बाकावर, ग्रंथालयाच्या कपाटावर नाव खुशाल असावे. संस्थेचे नाव, तिचे रंग आणि दर्शनी भिंत यांना मात्र हात लावायचा असेल, तर तसा प्रस्ताव कार्यकारिणीत मंजूर होण्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांसमोर आणि वसतिगृहात आज राहणाऱ्या मुलामुलींसमोर वाचला जावा. मिशिगनमध्ये झालर आधी चढली आणि लोकांचे मत नंतर ऐकले गेले.