लॉगिनचीही दप्तर तपासणी हवी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी हे जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. 2025 मध्ये अवघ्या तीन महिन्यांत ऑनलाइन नोंदणी यंत्रणेवर या ग्रामपंचायतीच्या आयडीवरून 27 हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचं उघडकीला आलं. गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमलं गेलं. पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यात ग्रामसेवकी करून निवृत्त झालेल्या मला प्रश्न पडला तो एवढाच, की पहिल्याच हजार नोंदींना कुणी हटकलं कसं नाही?

ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच गावचा जन्म-मृत्यू निबंधक. आमच्या डोंगरी भागात त्याच्याकडे दोन-तीन गावांचा पदभार असतो. तो पंचायत समितीच्या बैठकीत असतो आणि इकडे दाखल्यासाठी माणूस ताटकळतो. मग पासवर्ड पंचायतीच्या संगणक परिचालकाकडे जातो, ओटीपी फोनवर सांगितला जातो. हे सगळ्यांना ठाऊक आहे, कागदावर मात्र कुठेच नाही. बदली झाली की पदभार यादीत कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, कीर्द सगळं येतं. लॉगिन येत नाही. जुना आयडी बंद झाला की नाही, हे नव्या माणसाला कळायला मार्ग नसतो.

नोंदणी यंत्रणेचा सर्व्हर सगळं टिपू शकतो: कोणता आयडी, किती वाजता, कोणत्या आयपी पत्त्यावरून आत आला, किती वेळा पासवर्ड चुकला. अशा नोंदी 180 दिवस जपाव्यात, असं सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश सांगतात. पण जपणं वेगळं आणि वाचणं वेगळं. दूरच्या यंत्रणेला बरोबर पासवर्ड टाकणारा प्रत्येक जण खराच वाटतो. वेल्ह्यातल्या मढे घाटाकडच्या गावातून भर पावसात रात्री दोन वाजता वीस जन्म नोंदवले गेले, तर तिथला शिपाईसुद्धा म्हणेल, ‘अहो, तेव्हा लाइट नव्हती, रेंज नव्हती!’ ही माहिती सर्व्हरकडे नाही, गावाकडे आहे.

म्हणून दरमहा एक पानाची लॉगिन यादी ग्रामपंचायतीला मिळावी आणि ती मासिक सभेपुढे यावी. विस्तार अधिकाऱ्यांनी दप्तर तपासणीत कीर्दीसोबत तीही पाहावी. परिचालकाला त्याच्या कामापुरता स्वतंत्र आयडी द्यावा आणि बदलीच्याच दिवशी जुना बंद करावा.

आणखी एक कागद वाढला, अशी कुरकुर होईल. पण गैरप्रकार उघडा पडला की चौकशीची पहिली नोटीस ज्याच्या नावाचा आयडी असतो त्यालाच येते. ही यादी प्रामाणिक ग्रामसेवकाचीच ढाल आहे. आणि गावकऱ्यांनो, पुढच्या ग्रामसभेत खर्चाच्या हिशेबाबरोबर हेही विचारा: आपल्या गावाच्या नावाने गेल्या महिन्यात कोण कोण आत शिरलं?