अठराशे खोक्यांतले गाव

लहान गावात गुपित टिकत नाही. कोणाच्या दारापुढे नवी मोटार उभी राहिली, कोणाच्या मुलाने मध्येच शाळा सोडली आणि कोणाची दुकानातील उधारी थकली, हे कळण्यासाठी तेथे वर्तमानपत्राची वाट पाहावी लागत नाही. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील डॉफिन हे असेच एक गाव. प्रांताची राजधानी विनिपेग येथून सुमारे ३०० किलोमीटर अंतरावर, वायव्येस ते वसले आहे. चहूकडे धान्याची सपाट शेते, दक्षिणेस रायडिंग माउंटनचे राखीव अरण्य, पूर्वेस सरोवर आणि लोहमार्गाच्या आधाराने वाढलेली बाजारपेठ, हे त्याचे रूप. १८९६ पासून युक्रेनमधील शेतकरी कुटुंबे या परिसरात येऊन राहिली. त्यांच्या चर्चचे घुमट आजही दुरून दिसतात आणि १९६६ पासून भरत आलेला युक्रेनियन महोत्सव हा गावाचा मोठा सण मानला जातो. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश उतरतो. अशा दिवसांत बर्फावरील हॉकीचे मैदान, चर्चमधील सामुदायिक जेवण आणि कॉफीच्या दुकानातील गप्पा यांभोवतीच गावाचे जीवन फिरते.

अशा गावाची दखल महाराष्ट्रातील वाचकाने घ्यावी असे त्यात काय आहे, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर १९७४ ते १९७९ या कालखंडात आहे. त्या काळात या गावाने एक असा अनुभव घेतला, की जो मोठमोठ्या राष्ट्रांच्या नियोजनकारांनाही घेता आलेला नाही. गावातील आणि लगतच्या ग्रामीण भागातील मिळून सुमारे १० हजार लोकांना शासनाने आश्वासन दिले होते, की कोणत्याही कुटुंबाचे उत्पन्न एका ठराविक मर्यादेखाली जाऊ दिले जाणार नाही.

पंतप्रधान पिएर ट्रुडो यांचे केंद्र सरकार आणि एड श्रायर यांचे प्रांतिक सरकार यांनी मिळून हा प्रयोग हाती घेतला. १ कोटी ७० लाख डॉलर खर्चापैकी तीन चतुर्थांश वाटा केंद्राचा आणि उरलेला प्रांताचा होता. ‘मिन्कम’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या योजनेचे गणित सोपे होते. ज्या कुटुंबाला अन्य काहीच प्राप्ती नाही, त्याला कॅनडाच्या सांख्यिकी विभागाने ठरविलेल्या अल्प-उत्पन्न रेषेच्या ६० टक्के रक्कम मिळे. कुटुंबाने स्वतः मिळविलेल्या प्रत्येक डॉलरमागे मदतीतून ५० सेंट कापले जात. समजा, हमीची रक्कम ४००० डॉलर आहे आणि कुटुंबाने २००० डॉलर कमावले, तर मदत १००० डॉलरने घटे. पण एकूण हाती ५००० डॉलर पडत. म्हणजे काम करणारा न करणाऱ्यापेक्षा नेहमीच वरचढ राही. रूढ कल्याण योजनांत पुष्कळदा याच्या उलट घडते. मनुष्य कमावू लागला की मदत समूळ थांबते आणि कष्टाची जणू शिक्षाच मिळते.

विनिपेगमध्ये या प्रयोगासाठी काही निवडक कुटुंबे घेण्यात आली होती. डॉफिनमध्ये मात्र उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कोणालाही मदत घेण्याची मुभा होती. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांश कुटुंबांनाच केव्हा ना केव्हा धनादेश मिळाला. उरलेल्यांचे उत्पन्न मर्यादेवर होते. तथापि पीक बुडाले, दुकान बसले किंवा घरातील कर्ता माणूस आजारी पडला, तर आपल्यालाही आधार आहे, ही जाणीव सर्वांनाच होती. शेतीवर जगणाऱ्या गावात या जाणिवेची किंमत किती असते, हे पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या मराठवाड्यातील वाचकाला सांगावयास नको.

राज्यकर्त्यांच्या मनात प्रश्न एकच होता: न मागता पैसे मिळू लागले, तर लोक काम करतील काय? ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ही शंका केवळ मराठी मुलखातलीच नव्हे. डेरेक हम आणि वेन सिम्पसन या अर्थशास्त्रज्ञांनी विनिपेगमधील माहितीच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला. कामाच्या तासांत पुरुषांच्या बाबतीत १ टक्का, विवाहित स्त्रियांच्या बाबतीत ३ टक्के आणि अविवाहित स्त्रियांच्या बाबतीत ५ टक्के इतकीच घट त्यांना दिसली. पुढे २०१७ मध्ये डेव्हिड कॅल्निट्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी डॉफिनच्या कागदपत्रांवरून काढलेला निष्कर्ष मात्र इतका दिलासादायक नाही. त्यांच्या मते तेथे श्रमबाजारातील सहभाग ११.३ टक्के-बिंदूंनी कमी झाला. ही घट लहान नव्हे आणि योजनेच्या समर्थकांनी ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण घटीची कारणे सांगताना लोकांनी आजारपण, घरातील माणसांची शुश्रूषा, शिक्षण अशा गोष्टींचाही उल्लेख केला होता. आजारी आईजवळ बसलेल्या मुलीला आळशी ठरविणारे अर्थशास्त्र कोणत्या कामाचे, हा प्रश्न मग विचारावाच लागतो.

परंतु ही सारी चर्चा पुढे कैक वर्षे होऊच शकली नाही. सत्तरीच्या दशकात खनिज तेलाचे भाव भडकले, महागाई वाढली, बेकारी वाढली. १९७७ मध्ये मॅनिटोबात स्टर्लिंग लायन यांचे आणि १९७९ मध्ये केंद्रात जो क्लार्क यांचे, अशी दोन्हीकडे पुराणमतवादी पक्षाची सरकारे आली. प्रयोग गुंडाळण्यात आला. अंतिम अहवालही लिहिला गेला नाही. कुटुंबांच्या मुलाखती, उत्पन्नाचे तपशील, प्रश्नावल्या असा सारा ऐवज पुठ्ठ्याच्या सुमारे १८०० खोक्यांत भरला गेला आणि ती खोकी गोदामात रचून ठेवण्यात आली. सार्वजनिक पैशातून एका गावाचे आयुष्य पाच वर्षे मोजायचे आणि मोजमापाचा निकाल मात्र न वाचताच बंद करून टाकायचा, हा प्रकार कोणत्याही देशातील नोकरशाहीला शोभण्यासारखाच म्हणावा लागेल.

तीन दशकांनंतर मॅनिटोबा विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ एव्हेलिन फोर्जे यांनी या विषयाकडे वेगळ्या वाटेने पाहिले. प्रांतात सार्वजनिक आरोग्य विमा असल्याने प्रत्येक रुग्णालय-प्रवेशाची आणि डॉक्टरच्या प्रत्येक भेटीची नोंद शासनाकडे होतीच. डॉफिनमधील रहिवाशांची तुलना त्यांनी प्रांताच्या इतर भागांतील तशाच वयाच्या आणि परिस्थितीच्या लोकांशी केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, तुलनेतील लोकांच्या मानाने डॉफिनमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ८.५ टक्क्यांनी घटले. ही घट विशेषेकरून अपघात व दुखापती आणि मानसिक आजार यांत होती. बाराव्या इयत्तेपर्यंत शाळेत टिकणाऱ्या मुलांची संख्याही वाढली. मदत मिळते म्हणून लोक अधिक मुले जन्माला घालतील किंवा संसार मोडतील, अशी जी भीती घातली जात होती, तिला आधार देणारे मात्र काहीही आढळले नाही.

या आकड्यांच्या मागे जे घडले, ते अगदी साधे आहे. सोळा वर्षांचा मुलगा शेतावर किंवा कारखान्यात जुंपला जाण्याऐवजी आणखी एक-दोन वर्षे वर्गात बसला. दात किडलेल्या मुलाला कोणी प्रथमच दंतवैद्याकडे नेले. महिनाअखेरच्या चिंतेने उडालेली झोप परत आली. यातील एकही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात जाण्याजोगी नाही. पण गावाचे जीवन म्हणजे तरी याहून निराळे काय असते?

येथेच डॉफिनच्या अनुभवातील मर्म आहे आणि ते रकमेत नसून ती देण्याच्या रीतीत आहे. मराठीत ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणतात. लहान गावात मूठ उघडी पडणे हीच गरिबीची सर्वांत मोठी यातना असते. मदत मागावयाची तर अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागते. तो घरात येऊन पाहणार, काम का मिळत नाही म्हणून विचारणार आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी चर्चच्या दारापर्यंत पोहोचणार. ‘भीक नको पण कुत्रे आवर’ अशी अवस्था होऊन पुष्कळ कुटुंबे मदतीच्या वाटेलाच जात नाहीत. कॅल्निट्स्की यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके हेच दाखविले. कल्याण योजनेतील पैसा ज्यांना अपमानाचा वाटे, अशा लोकांनाही मिन्कम घेताना संकोच वाटला नाही. नियम सर्वांना सारखे होते. घेणाऱ्याच्या चारित्र्याची परीक्षा तेथे होत नव्हती.

या प्रयोगाच्या मर्यादा लक्षात न घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. योजना तात्पुरती आहे, हे गावकऱ्यांना ठाऊक होते. कायम हमी मिळाली असती, तर ते कसे वागले असते, हे पाच वर्षांच्या अनुभवावरून ठरविता येत नाही. शिवाय एका गावाचा भार सारा देश उचलू शकतो, साऱ्या देशाचा भार मात्र देशालाच उचलावा लागतो. त्यासाठी लागणारे कर कोणी भरावयाचे, या प्रश्नाचे उत्तर डॉफिन देत नाही. पण एवढे मान्य केल्यावरही एक गोष्ट उरते. धनादेश येताच गाव आळसावून जाईल आणि संसार मोडतील, हे भाकीत मात्र खरे ठरले नाही.

त्याच दशकात महाराष्ट्राने याच प्रश्नाचे दुसरे उत्तर शोधले होते. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे केलेल्या प्रयोगातून आणि पुढे १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी योजना आकारास आली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ज्या वर्षी डॉफिनची खोकी बंद झाली, त्याच वर्षी महाराष्ट्रातील मजुराला काम मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाला, हा योगायोग लक्षणीय आहे. एकीकडे उत्पन्नाची हमी, दुसरीकडे कामाची. मार्ग भिन्न, पण गाभा एकच: गरजूने दयेची याचना न करता हक्काने मागावे.

आज महाराष्ट्रात जो वाद चालतो, त्यात हा गाभाच हरवल्यासारखा दिसतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेने स्त्रियांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये भरण्यास आरंभ केला, तेव्हापासून एक पक्ष तिला उपकार म्हणून मिरवितो, तर दुसरा पक्ष ती फुकटची खैरात म्हणून हिणवितो. दोघेही घेणाऱ्या स्त्रीला ओशाळवाणेच करतात. ही रक्कम राज्याच्या तिजोरीला परवडते काय, हे अवश्य विचारावे. तो अर्थशास्त्राचा रास्त प्रश्न आहे. परंतु त्याबरोबरच हेही विचारले पाहिजे, की पुढच्या महिन्यात ती मिळेल याची खात्री त्या स्त्रीला आहे काय, नियम तिला समजतात काय आणि त्यासाठी तिला किती दारे ठोठवावी लागतात. जी मदत निवडणुकीच्या वाऱ्यावर हलते, तिच्या भरवशावर कोणी मुलीला बारावीपर्यंत शाळेत ठेवीत नाही.

प्रयोग संपल्यानंतर डॉफिन पूर्ववत झाले. शाळेत टिकणाऱ्या मुलांचे वाढलेले प्रमाणही पुन्हा खाली आले. १९९८ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला, तरी तेथील वस्ती आजही साडेआठ हजारांच्या आसपासच आहे. आगगाडी येते-जाते, हॉकीचे सामने होतात, उन्हाळ्यात महोत्सव भरतो. त्या गावाने जगाला एक महत्त्वाचे उत्तर देऊ केले होते. ते ऐकण्यास तीस वर्षे लागली, याचा दोष गावाकडे नाही. महाराष्ट्रात आज अशा योजनांवर प्रतिवर्षी हजारो कोटी रुपये खर्च होतात. त्यांतून किती मुले शाळेत टिकली, किती घरांतील आजारपण घटले, याची नोंद आताच ठेवावी आणि ती लोकांपुढे मांडावी. खोकी भरण्याची वेळ आल्यानंतर मग ती उघडण्यासाठी दुसऱ्या पिढीची वाट पाहावी लागते.