पिशवी उलटी करून पाहू

गेल्या महिन्यात एक सकाळ भुकूमला मित्राच्या दवाखान्यात घालवली. चांदणी चौक सोडून पौड रस्त्याला लागलं, भूगाव मागे पडलं की भुकूम. बाकावर दोन तऱ्हेची ज्येष्ठ मंडळी होती. एक मूळची गावातली, जन्मभर भाताच्या खाचरात राबलेली; दुसरी त्याच खाचरांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत निवृत्तीनंतर राहायला आलेली. पहिल्यांच्या मांडीवर औषधांची पिशवी, दुसऱ्यांच्या मांडीवर रिपोर्टांची फाइल. दोघांनाही आधी कुठेतरी एकच उत्तर मिळालेलं होतं: आता वय झालं.

बहात्तरीच्या एक आजी आत आल्या. ‘सकाळी उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. दोनदा पडले.’ मित्राने काही न विचारता त्यांची पिशवी टेबलावर उलटी केली. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन, तेही दोन कंपन्यांच्या दोन नावांनी. आजी दोन्ही घेत होत्या. पायांवरच्या सुजेसाठी लघवीची गोळी. शिवाय सर्दीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी.

‘आजी, रात्री लघवीला किती वेळा उठता?’ आजींनी पदर तोंडाशी नेला. ‘तीन-चार वेळा. म्हणून तर सांजेपासनं पाणीच पीत नाही.’

झोपवून रक्तदाब १३६/७८. उभं केल्यावर दुसऱ्या मिनिटाला १०८/६६. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला की ती नोंद घ्यायची, हे आपण सगळेच शिकलो आहोत. पण रुग्णाला उभं करून पट्टा शेवटचा कधी बांधला, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

त्या पिशवीतली साखळी उलगडायला फार हुशारी लागत नाही. वेदनाशामकाने रक्तदाब चढतो, म्हणून ॲम्लोडिपिन. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, म्हणून लघवीची गोळी. तिने रात्रीची झोपमोड, म्हणून पाणी कमी. पाणी कमी म्हणून घेरी, आणि घेरी आली म्हणून पडणं. प्रत्येक कडी कुणीतरी भल्या मनाने जोडलेली होती. फक्त प्रत्येकाने नवं लक्षण पाहिलं, मागची गोळी पाहिली नाही. सगळ्यात शेवटी ज्याच्याकडे काही सुचवायला उरलं नाही, तो म्हणाला, वय झालं.

हे दुसऱ्यांना शिकवायला लिहीत नाही. तीस वर्षांच्या व्यवसायात हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल, त्याची मोजदाद नाही. त्याची सोय अशी की ते खोटं नसतं, रुग्णाला पटतं आणि केसपेपर मिटतो.

वयाचं म्हणून काही असतंच. चाळिशीनंतर चष्मा लागतो. कानाला आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. म्हणून सासूबाईंना वाटतं, सून पुटपुटते. झोप तुटक होते, तहान मंदावते, स्नायू झिजतात. पण कपड्यात लघवी होणं, वारंवार पडणं, हिमोग्लोबिन उतरणं, वजन घटत जाणं, रोजच्या वाटेवर चुकणं, कशातच मन न लागणं, ही वयाची लक्षणं नव्हेत. त्यांना कारण असतं आणि पुष्कळदा उपायही. आणि जे खरोखर वयाचं, तेही हात जोडून बसण्याजोगं नसतं. चष्म्याला आपण कधी ‘चालायचंच’ म्हणत नाही. मग श्रवणयंत्राला का म्हणतो?

फाइलवाल्यांचं दुखणं वेगळं. तिथे बाण नसलेला आकडा फसवतो. ७८ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या बाईंचं क्रिएटिनिन १.२ आलं. छापील मर्यादेच्या काठावर, म्हणून कुणी थांबलं नाही. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात हे आकडे घातले तर उत्तर मिनिटाला २७ मिलिलिटरच्या आसपास येतं. स्नायूच उरले नाहीत तर क्रिएटिनिन वाढणार कशाने? अशा मूत्रपिंडावर डायक्लोफेनॅक किंवा पूर्ण मात्रेतलं मेटफॉर्मिन लिहिणं म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

या अंकापासून एक आग्रह धरतो. साठीपुढच्या प्रत्येकाची वर्षातून एकदा पिशवी उलटी करा. रक्तदाब उभं करूनही मोजा. तिसरं, खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत बसायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहा. बारा किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरून चला. लघवी, कान, दात आणि मन यांबद्दल आपण होऊन विचारा, कारण पदराआडचं उत्तर विचारल्याशिवाय येत नाही. दात नसतील तर भाकरी आमटीत कुस्करून पोट भरतं, प्रथिनं भरत नाहीत. मूत्रपिंडं ठीक असतील तर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम हवीत; पिठलं, अंडं, ताक, हुलग्याचं माडगं हे मुळशीतल्या घराला परकं नाही. ‘रोज फिरा’ एवढ्यानेही भागत नाही. २०२० सालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम आहेत. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, इथून सुरुवात होते.

एवढा वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. म्हणजे खुबा मोडला तर पैशांची सोय आहे. तो मोडू नये म्हणून घालवलेल्या दहा मिनिटांची नाही. ती दहा मिनिटं फॅमिली डॉक्टरकडेच आहेत.

दोन आठवड्यांनी मित्राचा फोन आला. आजींच्या पिशवीतून डायक्लोफेनॅक, लघवीची गोळी आणि दोनातलं एक ॲम्लोडिपिन निघालं होतं. पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आला होता. उभं राहून वरचा रक्तदाब १२४. गुडघे दुखतात, ते दुखणारच. चाळीस पावसाळे चिखलात वाकून भातलावणी केलेले गुडघे आहेत ते. रात्री मात्र एकदाच उठतात.

येत्या १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, व्याख्यानं होतील, शाली दिल्या जातील. आपण एवढंच करू: केसपेपरवर ‘वयोमानानुसार’ लिहायची वेळ आली की त्याच ओळीत पुढे लिहू, काय काय तपासून झालं. ती जागा कोरी राहिली, तर आधीचा शब्द खोडायचा.