ऊर्जेला मुदत ठेव नसते

बचत ही भारतीय मध्यमवर्गाने अंगी बाणवलेली फार मोठी सवय आहे. १९ जुलै १९६९ रोजी देशातील १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर लहानलहान गावांतही बँकेच्या शाखा उघडत गेल्या. त्या शाखांत आयुष्यातील पहिले खाते उघडणाऱ्या पिढीने एक धडा नीट गिरवला. आजच्या मिळकतीतील काही भाग उद्यासाठी बाजूला ठेवायचा, हा तो धडा. मुलांचे शिक्षण, लेकीसुनांचे सोहळे, डोक्यावरचे छप्पर आणि उतारवयाचा आधार या साऱ्यांची तरतूद त्या एका सवयीतून झाली. आवर्ती ठेवीचा हप्ता चुकू नये म्हणून सणाची खरेदी पुढे ढकलणारी घरे या देशात असंख्य आहेत. त्यांच्या काटकसरीविषयी आदर वाटावा तेवढा थोडाच.

परंतु चांगल्या सवयीलाही मर्यादा असते. पैशाच्या बाबतीत जो नियम लाभाचा ठरला, तोच अनेकांनी नकळत आपल्या शक्तीला, झोपेला, विसाव्याला आणि लहानसहान सुखांनाही लावून टाकला. चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात राखून ठेवायच्या, मऊ नवी चादर डांबराच्या गोळ्यांसह ट्रंकेत जपायची, संध्याकाळचे फिरणे, आवडीचे वाचन, धूळ खात पडलेली बाजाची पेटी हे सारे ‘निवृत्तीनंतर पाहू’ असे म्हणून पुढे ढकलायचे, ही रीत घराघरांत दिसते. हिशोब चुकतो तो येथे. जपून ठेवलेला रुपया व्याजासह परत मिळतो. शरीराच्या आणि मनाच्या ऊर्जेची तशी मुदत ठेव करता येत नाही. ती रोज मिळवावी लागते आणि रोजच्या रोज खर्चही होते. तिशीत आणि चाळिशीत न घेतलेली झोप साठाव्या वर्षी एकरकमी काढता येत नाही.

या म्हणण्याला विज्ञानाचा आधार आहे. शरीराच्या पेशींमध्येच दिवसरात्रीच्या चक्राशी जुळलेले एक घड्याळ असते. त्याची अंतर्गत रचना उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघा संशोधकांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणूस जागा असतो तोवर त्याच्या मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते जितके वाढेल तितकी झोपेची ओढ वाढते आणि झोपेत ते पुन्हा कमी होते. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तासांची झोप हवी, असे निद्राविकारांचे तज्ज्ञ सांगतात. ही काही चैन नव्हे. दुसऱ्या दिवशीच्या कामाचे भांडवल त्या सात तासांतच जमा होत असते.

मग थकव्यावर हमखास उतारा मानला जाणारा चहा नेमके काय करतो? चहाकॉफीतील कॅफीन मेंदूतील ॲडिनोसिनची जागा अडवून बसते. त्यामुळे थकव्याची सूचना पोहोचत नाही. थकवा मात्र होता तेथेच राहतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर चहा म्हणजे जमा रक्कम नव्हे, तो ओव्हरड्राफ्ट आहे. ३१ मार्चच्या लेखाबंदीच्या रात्री तो उचलावा लागतो, आणि त्यात काही गैर नाही. मात्र पुढच्या दोन दिवसांत त्याची परतफेड झाली पाहिजे. शिवाय शरीरातील कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहा वाजता घेतलेल्या कपातील निम्मे कॅफीन रात्री अकराला अंगात असते, आणि झोप का लागत नाही म्हणून अंथरुणावर कूस बदलणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून चहा सोडावा असे मुळीच नाही. सकाळच्या चहाचे खरे सुख कपात जितके असते तितकेच त्याच्याभोवतीच्या दहा मिनिटांत असते. दक्षिणेत पितळी डबऱ्यात थंड करीत घेतलेली फिल्टर कॉफी असो वा मराठी घरातला आले घातलेला चहा, ती दहा मिनिटे बसून, निवांतपणे, कोणाशी दोन शब्द बोलत घालवली तर दिवसाला एक विसाव्याचा टप्पा मिळतो. तोच चहा उभ्याउभ्या, एका हाती मोबाइल धरून घशाखाली ओतला तर उरते केवळ कॅफीन.

असे टप्पे आपल्याकडच्या जुन्या जीवनरीतीत आपसूक होते. जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडे लवंडण्याला मराठीत ‘वामकुक्षी’ असा भारदस्त शब्द आहे. बंगाली माणूस त्याच दुपारच्या डुलकीला प्रेमाने ‘भातघूम’ म्हणतो. गोव्यातील अनेक दुकाने आजही दुपारी बंद असतात, आणि पुण्याच्या दुकानदारांच्या दुपारच्या विश्रांतीवर तर अवघ्या महाराष्ट्राने विनोद केले. विनोद करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र लक्षात घेतली नाही. दुपारी एक ते तीनच्या सुमारास येणारी गुंगी हा आळस नव्हे. शरीराच्या घड्याळातच तो उतार असतो. लांब पल्ल्याच्या उड्डाणांतील वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती देऊन अमेरिकेच्या ‘नासा’ने गेल्या शतकाच्या अखेरीस एक अभ्यास केला. त्या अवधीत वैमानिक सरासरी २६ मिनिटे झोपले आणि उड्डाणाच्या उरलेल्या भागात, विश्रांती न मिळालेल्या सहकाऱ्यांपेक्षा अधिक सावध राहिले. रोखपालाला काउंटरवर डुलकी घेता येणार नाही, हे उघड आहे. पण जेवणाच्या सुट्टीतील शेवटची दहा मिनिटे पडद्यापासून दूर, डोळे मिटून बसण्यास कोणत्याही कार्यालयाची हरकत असू नये. दुपारी चारच्या सुमारास होणाऱ्या बेरजेच्या चुका शोधण्यात याहून अधिक वेळ जातो.

येथे एक शंका रास्तपणे घेतली जाईल. सुखाची सवय माणसाला ऐदी बनवते आणि कर्जबाजारीही करते, असे वडीलधारे सांगत आले आहेत. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते चैनीला लागू पडते. साधी सुखसोय आणि चैन यांतील भेद किमतीवरून ठरवू नये. ती गोष्ट माणसाला काय परत देते यावरून ठरवावा. उन्हातून आलेल्या माणसाला माठातले पाणी तृप्त करते. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपणारे पाणी बाष्प होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, एवढेच त्यामागचे तत्त्व. म्हणूनच विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ उत्तम गार होतो आणि दमट कोकणात तितका नाही. विजेचे एकही युनिट न जाळता मिळणारे हे सुख माणसाला ताजेतवाने करून पुन्हा कामाकडे पाठवते. उलट, रात्री साडेअकरा वाजता ‘पाचच मिनिटे’ म्हणून हाती घेतलेला मोबाइल जवळजवळ फुकटात करमणूक करतो आणि झोपेचा तास घेऊन जातो. पहिले सुख ऊर्जा देते, दुसरे ती खाते. वातानुकूलन यंत्राचेही तसेच आहे. जानेवारी २०२० पासून देशात खोल्यांसाठीची नवी यंत्रे २४ अंशांवर लावूनच विकली जावीत असा नियम झाला. त्या तापमानाला शांत झोप लागत असताना १८ अंशांवर यंत्र चालवून अंगावर रजई ओढून घेण्यात सोय कोणती आणि चैन कोणती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मात्र या साऱ्या विवेचनात एक प्रश्न राहून जातो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. घरातील माणसांना मिळणारी ही सुखे येतात कोठून? माठ कोणीतरी घासून भरलेला असतो. चहा कोणीतरी पहाटे उठून ठेवलेला असतो. ऊर्जा निर्माण होत नाही, ती एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, हा पदार्थविज्ञानाचा नियम मुले शाळेत शिकतात. घरातही बऱ्याच अंशी तेच घडते. संध्याकाळी घरी परतलेल्या कर्त्या पुरुषाच्या चेहऱ्यावरची टवटवी ही पुष्कळदा स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या कोणाची तरी दमणूक असते.

हे केवळ भावनेचे बोलणे नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी ते डिसेंबर २०१९ या काळात, माणसे दिवसाचे २४ तास कसे घालवतात याची देशव्यापी पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्के जणी दिवसभरात घरची बिनमोबदला कामे करीत होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण २६ टक्क्यांच्या आसपास होते. जे ही कामे करीत होते त्यांच्यातही स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीतही ही दरी बुजलेली दिसली नाही. सर्वांना गरम चहा देऊन स्वतः शेवटचा, निवलेला कप घेणारी स्त्री प्रत्येकाच्या ओळखीची आहे. ती नोकरी करणारी असेल तर तिच्या दोन्ही पाळ्यांमध्ये विसाव्याचा टप्पाच नाही. तिच्या ऊर्जेचे खाते सर्व कुटुंबाने मिळून वापरायचे, आणि त्यात भरणा मात्र कोणी करायचा नाही, हा व्यवहार कोणत्याही नीतीत बसणारा नाही.

कृतज्ञतेचा खरा अर्थ येथे उमगतो. अलीकडे कृतज्ञता ही मन प्रसन्न ठेवण्याची एक युक्ती म्हणून सांगितली जाते. रोज झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहाव्यात, असा सल्ला मिळतो. तो वाईट नाही. परंतु वहीत लिहून संपणारी कृतज्ञता ही कर्ज मान्य करून हप्ता न भरण्यासारखी आहे. कृतज्ञता म्हणजे परतफेड. जिच्या श्रमावर घराचा विसावा उभा आहे तिला रोज २० मिनिटे तरी कोणी हाक न मारता बसता यावे, यासाठी इतरांनी एखादे काम कायमचे उचलणे ही ती परतफेड. ‘मदत करतो’ असे म्हणून ते करू नये. मदत दुसऱ्याच्या कामात केली जाते आणि घर दोघांचे असते. उंबऱ्याबाहेरच्या माणसांचेही असेच ऋण आहे. दूध आणि वर्तमानपत्र टाकणारी मुले, जिना झाडणाऱ्या बाई, रात्रपाळीचा पहारेकरी यांच्या पहाटेवर पुष्कळांची सकाळ उभी असते. त्यांचा मेहनताना ठरल्या तारखेला देणे, त्यांची आठवड्याची सुट्टी न कुरकुरता मान्य करणे, पहारेकऱ्याला बसायला सावलीत खुर्ची आणि प्यायला गार पाणी असणे, या गोष्टींना फारसा खर्च नाही.

हे सारे अमलात कसे आणावे, असे कोणी विचारील. नववर्षाच्या मोठ्या संकल्पांचे काय होते ते जगजाहीर आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या सवयी कशा रुजतात याचा अभ्यास केला. एखादी लहान कृती विनासायास होऊ लागण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही, असेही त्यात दिसले. बचत करणाऱ्यांना हे नवे नाही. आवर्ती ठेवीचा एक हप्ता राहिला म्हणून कोणी खाते मोडत नाही. तेव्हा नवी सवय छोटी असावी आणि जुन्या सवयीला जोडलेली असावी. रात्रीचे जेवण झाले की शंभर पावले चालणे, झोपण्यापूर्वी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे, सकाळचा पहिला चहा घरातील पुरुषाने किंवा मोठ्या मुलाने करून तो सर्वांनी एकत्र बसून घेणे, एवढ्यापासून आरंभ पुरेसा आहे. त्या चहासाठी काचेच्या कपाटातील कपबशा बाहेर निघाल्या तर उत्तमच. त्यातली एखादी फुटेल, हे खरे. पण न वापरता जपलेली कपबशी कोणाच्याच उपयोगी पडलेली नसते.

सप्टेंबर २०१५ पासून बँकांना महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्या सुट्टीत उरलेली कामे उरकण्याचाच बेत बहुतेक जण आखतात. त्यातील एक शनिवार तरी विनाकारण, विनाबेत, घरच्या माणसांसोबत जावा. पैसा उद्यासाठी राखावा, आणि तो नियमाने राखावा. त्या शिकवणीत तसूभरही फरक करण्याचे कारण नाही. मात्र ज्या माणसांसाठी तो राखायचा त्यांनी उद्यापर्यंत हसतमुख आणि धडधाकट पोहोचावे, हीही तरतूदच आहे. ती तरतूद आजच्या दिवसातच करावी लागते.