जर्सीवर एकच नाव नको

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली आणि आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत थेट आपल्या राज्याच्या रस्त्यांवर आली. एकसारख्या जर्सी, मागे संघाच्या गाड्या, गाड्यांच्या टपावर जादा सायकली. हे पाहिल्यावर वाटणारच, आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा असा संघ का नसावा? असावाच. पण आधी एक रोकडा प्रश्न विचारू: या संघांना पैसा देतं कोण?

क्रिकेटमुळे आपला समज झालाय की खेळ मोठा झाला की पैसा आपोआप येतो. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले आणि त्यातला वाटा संघांना मिळतो. शिवाय स्टेडियमची तिकिटं. सायकलिंगचं गणित उलटं आहे. शर्यत रस्त्यावर, बघायला फुकट. टूर द फ्रान्सचा टीव्हीचा पैसा आयोजक कंपनीकडे जातो, संघांना त्यात हिस्सा नाही. विजेत्याला ५ लाख युरो मिळतात, म्हणजे पाच कोटींच्या आसपास. रीतीप्रमाणे तेही सहकाऱ्यांत वाटले जातात. मोठ्या संघाचा वर्षाचा खर्च मात्र कित्येक कोटी युरोंचा. मग उरतो प्रायोजक. म्हणून तर तिथल्या संघांना गावाचं नाही, कंपनीचं नाव असतं.

आणि प्रायोजक गेला की? एचटीसी-हायरोड हा त्या काळी सर्वाधिक शर्यती जिंकणारा संघ. नवा प्रायोजक मिळाला नाही म्हणून २०११ च्या अखेरीस बंद पडला. युम्बो-विस्मानं २०२३ मध्ये जिरो, टूर आणि वुएल्टा या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या. त्याच वर्षाअखेर युम्बो ही सुपरमार्केट साखळी बाहेर पडली आणि संघाला नवा मुख्य प्रायोजक शोधावा लागला. म्हणजे जिंकणं ही टिकण्याची हमी नाही. एकाच खांबावर मांडव उभा केला की असंच होणार.

आपल्याकडे तर खांबही वेगळा आहे. चांगल्या सायकलपटूचा पगार येतो तो सेनादलातल्या किंवा रेल्वेतल्या नोकरीतून. त्यात स्थैर्य आहे, पण जागा मोजक्या. आणि नोकरी लागेपर्यंतची चार-पाच वर्षं काय? शर्यतीची कार्बनची सायकल दोन-तीन लाखांच्या पुढेच जाते. टायर, खुराक, प्रवास वेगळाच. कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला बाप हे कुठून आणणार? पोरगं दमात कमी पडत नाही, पैशात पडतं.

आपण मात्र पैसा लावतो तो बक्षिसांवर. गावोगावच्या कबड्डी स्पर्धांचे फ्लेक्स पाहा: प्रथम पारितोषिक अमुक भाऊंकडून, द्वितीय तमुक भाऊंकडून. एका दिवसाचा फोटो निघतो, वर्षाचा सराव निघत नाही.

खरं तर वर्गणीचं शास्त्र यवतमाळला कुणी शिकवायला नको. इथला दुर्गोत्सव राज्यात नावाजलेला आहे आणि तो काही एका शेठजीवर चालत नाही. स्पेनमधल्या बास्क प्रांतात १९९४ मध्ये असाच संघ उभा राहिला. सामान्य चाहत्यांनी सभासद होऊन पैसे दिले, आणि पुढे तो युस्काल्टेल-युस्काडी म्हणून टूरपर्यंत पोचला.

आपलं गणित मांडून पाहू. समजा, आठ मुलामुलींचा संघ, प्रशिक्षक आणि प्रवास धरून वर्षाला २४ लाख. एकानेच ते दिले आणि पुढच्या वर्षी हात वर केले, तर सगळं संपलं. पण पुसद, दारव्हा, उमरखेड, पांढरकवड्याच्या जिनिंगवाल्यांनी, कृषी केंद्रांनी, पतसंस्थांनी, क्लासवाल्यांनी मिळून २४० जणांनी दहा-दहा हजार दिले, तर दहा जण गळाले तरी खड्डा एक लाखाचा. तो भरता येतो.

शिवाय वणीकडे कोळसा आहे, मुकुटबनला सिमेंट. ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना कायद्याने सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण त्यात बसतं. जाहिरातीसाठीचं प्रायोजकत्व बसत नाही. म्हणून मागताना नीट मागायचं: कंपनीकडे प्रशिक्षणाचा खर्च, दुकानदाराकडे जर्सीवरच्या नावाचे पैसे. दोन्हींची सरमिसळ नको.

‘सायकलला कोण पैसे देतं भाऊ?’ असं कुणी म्हणेलच. फुकट कुणी देणार नाही, बरोबर आहे. देणाऱ्यालाही काही मिळायला हवं. संघाने दर महिन्याला एका तालुक्यात शर्यत घ्यावी, शाळेतल्या पोरांना सायकल दुरुस्ती शिकवावी, आणि पै-पैचा हिशेब जाहीर करावा. करार एका हंगामाचा नको, तीन वर्षांचा हवा.

येत्या दिवाळीआधी कुणी स्पर्धा भरवणार असेल, तर पहिलं बक्षीस निम्मं करा आणि उरलेल्या पैशात दोन पोरांचा वर्षभराचा खुराक बांधून द्या. संघाची सुरुवात तिथून होईल.